बुरुलच्या नावाची माशी

१४ जून
सकाळी आकाश निरभ्र. दुपारनंतर पश्चिमेकडून उलान वारा सुटला, संध्याकाळपर्यंत थांबला नाही. बटाट्यांना पाणी दिलं. बिश्केकहून सायकालचा फोन. तिच्या आईचं, म्हणजे बुरुलचं, वर्षाचं आश, म्हणजे तिच्या आठवणीचं गावजेवण, सात सप्टेंबरला करायचं ठरलं. कापायची घोडी शेजारचा इशेन बघून देणार. चारशे माणूस जेवायला. त्याआधी थडग्यावर दगड बसायला हवा. दगडावर कोरायला बुरुलचा फोटो पाहिजे. चेहरा समोरून, स्पष्ट. सायकाल म्हणाली, पापा, आजच पाठवा, दगडवाल्याकडे रांग असते. म्हणालो, उद्या पाठवतो.

फोटो शोधायला कॉम्प्युटर लावला. हवामान केंद्रातून निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला, तेव्हापासूनचे माश्यांचे फोटो तसेच पडून आहेत. तीन उन्हाळ्यांचे. एकाही माशीला नाव नाही. हे योग्य नाही. नोकरीत मी एक दिवसाचीही नोंद अर्धवट सोडली नव्हती.

एका साइटवर नाव नोंदवलं. तिथे फोटो टाकला की जगभरचे जाणकार त्या जीवाचं नाव सांगतात. आपणही इतरांच्या फोटोंना नाव सुचवायचं. दोघातिघांचं एकमत झालं की नाव पक्कं.

संकल्प: आशच्या आधी सगळ्या माश्यांना नावं.

१५ जून
बुरुलचा फोटो सापडला नाही. म्हणजे शोधायला वेळ झाला नाही. माश्यांच्या फोटोंत ती आहे, पण बोटांपुरती. इथल्या वार्‍यात फूल हलतं, म्हणून ती देठ धरून उभी राहायची. बोट असणं उपयोगाचं आहे. त्यावरून माशीची लांबी काढता येते. एका फोटोतला अंगठा बराच वेळ मोजला. माशी चार मिलिमीटर.

१९ जून
पहिले फोटो टाकले. नावं मीच सुचवली, पुस्तकात पाहून. सगळी चुकीची असल्याचं अल्माटीच्या एका बाईंनी कळवलं. झौरे कासिमोव्हना. आयुष्यभर माश्यांवरच काम केलंय म्हणे. प्रत्येक फोटोखाली लिहितात: "फोटोवरून सांगता येत नाही." एका ठिकाणी: "ही माशी नाही, ढेकूण आहे."

लेन्स जुनी आहे त्याचा परिणाम.

२४ जून
इतरांच्या माश्यांना नावं द्यायला सुरुवात केली. हे सोपं जातं. काटेचेंडूच्या फुलांवर बसणारी ती ठिपकेदार पंखांची माशी आता मी लांबूनही ओळखतो. आमच्या बालिक्चीपासून थेट पलीकडच्या टोकापर्यंत तळ्याकाठी तीच ती. उझबेक, ताजिक, कझाक, ज्याने ज्याने टाकली त्याला नाव सांगितलं. धन्यवाद मिळाले. इराणच्या एका गृहस्थांना त्यांच्या वेगळ्याच माशीचं नाव चुकल्याचं दाखवून दिलं. नंतर कळलं की त्या माश्यांवरचं पुस्तक त्यांनीच लिहिलंय. पुस्तकं जुनी होत असतात.

देशातल्या माशी ओळखणार्‍यांत माझा तिसरा क्रमांक आहे. पहिला जर्मन, इथे दोन आठवडे फिरायला आला होता. दुसर्‍याने बर्‍याच वर्षांत काही टाकलेलं नाही. चौथा कोणी नाही.

सायकालचा फोन. फोटो पाठवला का? म्हणालो, चाळतोय.

२७ जून
इशेन आला. आम्ही एकाच वर्षी जन्मलो, एकाच बाकावर बसलो, त्यामुळे त्याला काहीही बोलायची मुभा आहे आणि तो ती वाया घालवत नाही. मी व्हरांड्यात गुडघ्यावर बसून फोटो काढत होतो. म्हणाला, अरे जुमादिल, तीस वर्षं आभाळाकडे बघितलंस, एकदाही पाऊस बरोबर सांगितला नाहीस. आता जमिनीकडे बघतोयस. बघ, बघ. म्हातारपणी नजर खालीच बरी.

मी घोडीचं विचारलं. म्हणाला, मिळाली, तुझ्यापेक्षा तरुण आणि तुझ्यापेक्षा हुशार. मग टोपी काढून बसला. मला बसवेना. दोनदा उठून बटाटे पाहून आलो.

२ जुलै, सकाळी
महत्त्वाचं.

व्हरांड्यात, खिडकीजवळ, पांढर्‍या एनॅमलच्या पाण्याच्या जगमध्ये गेल्या ऑगस्टपासूनचे काटेचेंडू आहेत. बुरुलने तळ्याकाठून आणले होते, नंतर वाळले. फेकायचे राहिले. त्यावर आज एक माशी. अशी मी कुठेच पाहिलेली नाही. रंग फिकट, जवळजवळ दुधी. पंखांवर एकही ठिपका नाही, आणि ते कागद चुरगळून सरळ केल्यासारखे. डोक्यावर, डोळ्यांच्या मध्ये, पारदर्शक फुगा. तो मागे-पुढे होतो.

पुस्तकात नाही. साइटवर नाही. वारा नसल्यामुळे फोटो अत्यंत स्पष्ट.

मला वाटतं ही नवी जात आहे.

त्याच दिवशी, नंतर
घाई करायची नाही. शास्त्रात घाई नको.

नव्या जातीला शोधणारा नाव देतो. व्यक्तीचं नाव देता येतं, लॅटिन शेपूट लावून. बुरुल. बुरुली. लिहून पाहिलं. चांगलं दिसतं.

दुपारी व्हरांड्यात परत गेलो तर ती नव्हती. काचेवर नेहमीची ठिपकेवाली बसली होती. खिडकी उघडून हाकलली.

३ जुलै
साइटवर टाकताना अडचण. जीव रानातला आहे की पाळलेला, असं विचारतात. घरात, पाण्याच्या जगमध्ये, वाळलेल्या फुलांवर असं लिहिलं तर 'रानटी नाही' असा शिक्का बसतो आणि मग त्याकडे कोणी पाहत नाही. पण काटेचेंडू रानातलेच. तळ्याकाठचेच. म्हणून नकाशावर तळ्याचा काठ दाखवला. यात खोटं काही नाही. फुलं तिथलीच आहेत.

५ जुलै
झौरे कासिमोव्हनांचं उत्तर. एकच शब्द: "रोचक."

इतक्या वर्षांच्या अनुभवी बाईने 'फोटोवरून सांगता येत नाही' असं लिहिलं नाही. हादरल्या असणार.

६ जुलै
त्यांनी आणखी लिहिलं. काठावर असं काही पाहिलेलं आठवत नाही. बाजूने फोटो हवा. शक्य असल्यास एक माशी पकडून पाठवा. मी वरून काढलेला फोटो पुन्हा पाठवला, मोठा करून.

सायकालचा फोन. दगडवाला विचारतोय. म्हणालो, मशिदीतले मोल्दो दगडावर चेहरा कोरायला हरकत घेतात, विचार करायला हवा. सायकाल म्हणाली, पापा, सगळ्या दफनभूमीत चेहरा नसलेला एकही दगड नाही, मोल्दोंच्या स्वतःच्या बापाच्या दगडावर दोन आहेत, एक टोपीसकट, एक टोपीशिवाय. मी म्हणालो, वारा सुटलाय, नीट ऐकू येत नाही. वारा खरंच सुटला होता.

११ जुलै
काठावर शोधमोहीम. सकाळी सहाला निघालो. काटेचेंडूचं एकेक झुडूप तपासलं. तपासलेलं कळावं म्हणून जुन्या लाल ओढणीच्या चिंध्या बांधत गेलो. ठिपकेवाल्या भरपूर. फुगेवाली एकही नाही. उलान. टोपी तळ्यात गेली.

निष्कर्ष: जात अतिशय दुर्मीळ.

१२ जुलै
व्हरांड्यात, जगावर, पुन्हा एक! पहाटेच. काठावर नाही आणि इथे मात्र. ती माझ्याकडे येते असं लिहिणं शास्त्रीय नाही, म्हणून लिहीत नाही.

पकडणार होतो. ग्लास आणेपर्यंत बसून पाहत राहिलो. फुगा येतो, जातो. न्याहारी करून येतो तो नाही. काचेवर दोन ठिपकेवाल्या. या कुठून येतात कळत नाही. जाळीला भोक असणार. शोधून बुजवलं.

१७ जुलै
काठावर पुन्हा. अडथळा.

माझ्या चिंध्या बांधलेल्या झुडपांवर इतर चिंध्या आल्या आहेत. पांढर्‍या, निळ्या, एक मोजा. कोणीतरी नाणी ठेवली होती. एक म्हातारी गुडघ्यावर बसून हात पसरून पुटपुटत होती. मी विचारलं, आजी, काय आहे इथे? म्हणाली, तुला ठाऊक नाही का बाळ, हे पवित्र ठिकाण आहे, पूर्वीपासून. नातवासाठी मागितलं. मी म्हणालो, कोण सांगतं पूर्वीपासून? म्हणाली, सगळेच.

एका आठवड्यात पूर्वीपासून.

सांगणार होतो की मी हवामान खात्यातला निवृत्त माणूस आहे आणि या चिंध्या माझ्या आहेत. तिने मला बोओरसोक दिला, तळलेला, अजून गरम. खाऊन घरी आलो.

१९ जुलै
लोक झुडपांपाशी बोओरसोक ठेवून जातात. त्यावर माश्या येतात. चुकीच्या.

२१ जुलै
निर्णय. दगडावर चेहरा नको. चेहरा सगळ्यांच्याच दगडांवर असतो. बुरुलच्या दगडावर तिच्या नावाची माशी असेल, जगात आणखी कोणाच्या नसेल अशी. आशच्या दिवशी मी उठून चार वाक्यं बोलेन, मग कळेल सगळ्यांना. तोपर्यंत कोणालाही सांगायचं नाही.

दगडवाल्याला फोटो पाठवला. दोन तारखेचा, सर्वात स्पष्ट. खाली नाव आणि वर्षं. त्याचा फोन आला: अके, हा चुकून आला का? म्हणालो, नाही. म्हणाला, डोक्यावरचा फुगासुद्धा? म्हणालो, फुगा मुख्य.

सायकालला कळवलं: दगडवाल्याला फोटो पाठवला. ती म्हणाली, देवाची कृपा. तिला रडू आलं असावं. मी फोन लवकर ठेवला.

मन हलकं आहे. काम संपत आलं. अंगणात आठ-दहा चकरा मारल्या.

२९ जुलै
भाषणाचा मसुदा. "आदरणीय पाहुणेहो. विज्ञानाला आजवर अज्ञात." पुढे सुचलं नाही. उद्या.

४ ऑगस्ट
मेहुणी आली, काल्बूबू. बुरुलची धाकटी बहीण. आश संपेपर्यंत मुक्काम. पोचल्या पोचल्या कोट न काढताच म्हणाली, जेझदे, हे घर आहे की हवामान केंद्र? धूळ तर वाळवंटाएवढी जमवलीत. बायको गेली म्हणून झाडूही गेला का?

आमच्यात मेहुणीने जेझदेची फिरकी घ्यायचीच असते, तो तिचा हक्क आहे. तीस वर्षं ऐकतोय. उत्तर द्यायचं असतं. पूर्वी बुरुल माझ्या वतीने द्यायची.

६ ऑगस्ट
काल्बूबूने व्हरांडा धुवायला घेतला. जगातले काटेचेंडू उचलले. मी इतक्या जोरात "ठेव!" म्हणालो की इशेनने कुंपणावरून डोकं काढलं.

काल्बूबू म्हणाली, जेझदे, घरात वाळलेले काटे ठेवू नयेत, भांडणं होतात. मी म्हणालो, मी एकटाच आहे. ती म्हणाली, मग स्वतःशी होतात. मी म्हणालो, ही शास्त्रीय सामग्री आहे. तिने फुलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ही ताईने आणलेली ना, म्हणाली. तळ्यावरून. मी म्हणालो, कोणी आणली याला महत्त्व नाही. तिने जग जागेवर ठेवला आणि भोवतालचं पुसून घेतलं.

९ ऑगस्ट
काठावर. काल्बूबू दिसली. मला तिने पाहिलं नाही. एका झुडपाला पांढरं फडकं बांधत होती. त्या झुडपाला पहिली चिंधी मी बांधली होती, तपासून झाल्याची खूण म्हणून. त्यावर काहीच निघालं नव्हतं.

ती बराच वेळ उभी होती. मी दुसर्‍या वाटेने परत आलो.

रात्री जेवताना म्हणाली, तिथे गेलं की बरं वाटतं, जेझदे, तुम्हीपण जा. म्हणालो, वेळ मिळाला की जाईन.

१५ ऑगस्ट
झौरे कासिमोव्हनांना नावाबद्दल लिहिलं. बुरुल कोण ते थोडक्यात: बालिक्चीच्या दवाखान्यात नर्स, माझी पत्नी, गेल्या सप्टेंबरात वारली. सात सप्टेंबरच्या आत नाव अधिकृत झाल्यास बरं.

त्यांचं उत्तर: "जुमादिल अके, तुमचं दुःख मोठं आहे. नावाची घाई करू नका. बाजूने काढलेला एक फोटो पाठवा. आजूबाजूचं कापू नका, मला पूर्ण हवा."

मागच्या सगळ्या फोटोंत मी आजूबाजूचं कापत होतो. माशी मोठी दिसावी म्हणून.

२३ ऑगस्ट
सायकाल शनिवारसाठी आली. काल्बूबू आणि ती दिवसभर बश्या मोजत आणि वाद घालत होत्या. सायकाल म्हणते शंभर पुरतील, लोक पाळीने जेवतील. काल्बूबू म्हणते, ताईच्या आशला कोणी बशीसाठी थांबलं तर मी तळ्यात उडी घेईन. सायकाल म्हणाली, मावशी, काठाजवळ पाणी गुडघ्याएवढं आहे. काल्बूबू म्हणाली, मग आडवी पडेन.

मी भाषण घेऊन बसलो होतो. "आदरणीय पाहुणेहो. विज्ञानाला आजवर अज्ञात असलेली." तेवढ्यात दोघींचं हसणं मध्येच थांबलं. का थांबलं ते पाहायला गेलो नाही.

२८ ऑगस्ट, सकाळी
जगावर पुन्हा एक. या वेळी पद्धतशीर. बाजूने, पूर्ण, न कापता. लगेच पाठवला.

दहाच मिनिटांत उत्तर. "मागे जगाची मूठ दिसते आहे. माशी घरात आहे का?"

मी लिहिलं, फुलं रानातली आहेत.

"कधीची फुलं?"

गेल्या ऑगस्टची.

मग: "तिच्यावर काचेचा ग्लास उपडा घाला. आत फुलाचा तुकडा असू द्या, बसायला. दुपारी पुन्हा फोटो काढा. मग बोलू."

त्याच दिवशी, दुपारी
ग्लास घातला. स्टूल घेऊन बसलो. काल्बूबूने दोनदा जेवायला हाक मारली. दुसर्‍यांदा म्हणाली, जेझदे, माशीला पण वाढू का?

डोक्यावरचा फुगा हळूहळू आत गेला आणि कपाळ मिटलं. पंख सपाट झाले. अंग आधी पिवळट, मग राखाडी. मग पंखांवर डाग उमटू लागले. आधी इतके पुसट की मला माझ्या चष्म्यावरचे वाटले. चष्मा पुसला. डाग तिथेच. गडद होत गेले, एकेक.

ठिपकेवाली. काटेचेंडूवरची. जिला मी लांबूनही ओळखतो.

झौरे कासिमोव्हनांनी समजावून लिहिलं आहे. या माशीची अळी फुलाच्या बोंडात हिवाळा काढते. पुढच्या उन्हाळ्यात कोषाचं झाकण आतून उघडायचं असतं, आणि माशीला हात नाहीत की दात नाहीत. म्हणून ती कपाळातून फुगा बाहेर काढते आणि त्याने ढकलते. बाहेर आल्यावर तो एकदा आत गेला की पुन्हा कधी बाहेर येत नाही. मी जी पाहिली ती प्रत्येक वेळी नुकती बाहेर पडलेली होती. "फोटोवरून माश्या ओळखणार्‍यांची ही चूक होतेच," असं लिहिलंय. "फक्त बहुतेकांना ती घरात सापडत नाही. तुम्ही काठ लिहिला होता म्हणून मी गोंधळले."

खाली: "तुमच्या पत्नीने फुलं आणली तेव्हा या सगळ्या आतच होत्या."

ग्लास उचलला. ती लगेच उडाली नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
दगडवाल्याला फोन. म्हणालो, थांबवा. म्हणाला, काय थांबवू अके, कालच पॉलिश झालं. माणसं बघायला येताहेत. चेहरे तर मी रोज कोरतो, मिश्या काढून काढून हात मोडला. पण हे! एकेक केस कोरलाय पायावरचा. आणि तो फुगा, अके, त्या फुग्याला दोन दिवस गेले. फुग्यातून पलीकडचं दिसतं असं वाटतं. काळ्या दगडात!

म्हणालो, ती अजून पूर्ण झालेली नाही.

म्हणाला, अहो झाली की.

२९ ऑगस्ट
उपाय:
फुगा घासून काढणं. दगडवाला म्हणतो खड्डा पडेल.
पंखांवर ठिपके कोरून घेणं. म्हणजे निदान जात बरोबर होईल. पण फुगा असताना ठिपके नसतात. ते जास्त चूक.
नवा दगड. सहा आठवडे.
सायकालला सांगणं.

आज उलान फार होता. फोन केला नाही.

३ सप्टेंबर
दगड बसला. मी, इशेन, त्याचे दोन पुतणे. पुतण्यांनी फडकं काढलं.

इशेन जवळ गेला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली आणला. म्हणाला, मधमाशी. वा, जुमादिल.

मी तोंड उघडलं.

तो म्हणाला, तू असा विचार करशील असं वाटलं नव्हतं मला. चाळीस वर्षं सगळ्या बालिक्चीला सुया टोचल्या तिने. मी शाळेत शिकवत होतो, मला तर वर्गातल्या पोरांसमोर टोचली होती तिने, ती तेव्हा नवीच होती नोकरीत, ओरडलो म्हणून दुसर्‍या बाजूलाही टोचली. टोचायची, पण औषध द्यायची. मधमाशीच ती. आणि डोक्यावर नर्सची टोपीसुद्धा कोरून घेतलीस!

पुतणे म्हणाले, खरंच टोपी आहे.

मधमाशीला चार पंख असतात. यावर दोन आहेत. मिशा आखूड. डोळे किती मोठे. ओळखायला सोपं आहे. उन्हाळाभर मी दुसर्‍यांना हेच सांगत आलो.

म्हणालो, चला, ऊन वाढतंय.

५ सप्टेंबर
बातमी पसरली. आजच्या स्वयंपाकाला आलेल्या बायका आधी दफनभूमीत जाऊन आल्या. अंगणात तीन चुली, तेलाचा वास घरभर, बोओरसोकचा डोंगर. प्रत्येकीकडे सुईची एक गोष्ट आहे. एकीला बुरुलने झोपेत टोचलं, कळलंच नाही. एकीच्या नवर्‍याला पाहूनच चक्कर आली, त्याला टोचावंच लागलं नाही, तसाच बरा झाला. मी लाकडं फोडत ऐकत होतो. यातल्या बहुतेक गोष्टी मला माहीत नव्हत्या. घरी ती कामाचं बोलायची नाही. मीही नाही.

काल्बूबू दगड पाहून आली. मला वाटलं आता फिरकी. तिने ताटातले सर्वात गरम बोओरसोक माझ्या खिशात कोंबले, लहान मुलाच्या कोंबावेत तसे.

मोल्दोही खूश. चेहरा नाही म्हणून. मधमाशीचा उल्लेख धर्मग्रंथात आहे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

साइटच्या नियमाने पाहिलं तर आता पूर्ण एकमत आहे. हरकत घेणारा मी एकच.

७ सप्टेंबर
आश झालं. हवा स्वच्छ, वारा नाही. वर्षभरात इतका शांत दिवस नव्हता. चारशेच्या वर माणसं. घोडी चांगली निघाली. बश्या पुरल्या नाहीत, काल्बूबूने तळ्यात उडी घेतली नाही.

माझी पाळी आली तेव्हा उभा राहिलो. कागद खिशात होता, तेलकट झालेला. सगळे वर पाहत होते. म्हणालो, आलात, बरं वाटलं. जेवा. बसलो. इशेन म्हणाला, हवामानाच्या अंदाजापेक्षा बरं बोललास, लहान तरी होतं.

संध्याकाळी सायकाल म्हणाली, पापा, चला, मला दगड बघायचाय. दोघेच गेलो. ती पुष्कळ वेळ बघत राहिली. मग म्हणाली, आई मधमाश्यांना भ्यायची. गाडीत एक शिरली होती तेव्हा चालत्या गाडीतून उतरत होती.

मी म्हणालो, हो.

ती म्हणाली, ही मधमाशी नाही.

म्हणालो, नाही.

मग काय आहे?

जातीचं नाव सांगणार होतो. मला ते लॅटिनसकट येतं. ते न सांगता म्हणालो, आईने गेल्या वर्षी तळ्यावरून फुलं आणली होती, त्यांतून निघाली. निघताना अशी दिसते. थोडाच वेळ.

सायकालने त्या फुग्यावरून बोट फिरवलं. आईचा फोटो तुम्ही पाठवलाच नाहीत, म्हणाली. रागावून नाही. म्हणालो, सापडेना. ती म्हणाली, मला माहिती आहे पापा, मीही माझ्या फोनमधला उघडत नाही.

मग म्हणाली, लोकांना सांगायचं का? मी म्हणालो, राहू दे. टोपी छान दिसते म्हणतात.

८ सप्टेंबर
आकाश ढगाळ. वारा हलका, पूर्वेकडून. सायकाल सकाळच्या गाडीने गेली, काल्बूबू तिच्याबरोबर बिश्केकपर्यंत, तिथून पुढे घरी. दारात म्हणाली, जेझदे, आता रडून घ्या, कोणी बघत नाही. मग स्वतःच रडली.

साइटवरच्या माझ्या सगळ्या फुगेवाल्यांची ठिकाणं बदलली. तळ्याचा काठ काढून घर लिहिलं. 'रानटी नाही' असा शिक्का लागला. नाव नेहमीच्या ठिपकेवालीचं दिलं. झौरे कासिमोव्हनांनी लगेच सहमती दिली. एकमत झालेली माझी ही पहिलीच माशी.

क्रमांक तिसराच आहे.

इशेनकडून आणलेली मोठी कढई परत करायची होती. नळाखाली घेतली. तळाला पीठ करपून बसलं होतं. आधी वाळूने घासली, मग राखेने, मग गरम पाणी ओतून थोडा वेळ ठेवली आणि पुन्हा घासली. निघालं. उपडी घालून ठेवली.